बाची माती

बा गेला तेव्हा लातूरचा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या साली दगा दिला होता. मी लातूरच्या नव्या कचेरीत कारकून होते, टंचाईच्या शाखेत. सकाळी टेबलाशी बसलं की गावोगावच्या सरपंचांचे अर्ज समोर यायचे. विहीर आटली, बोअर आटला, टँकर मिळावा. त्या ढिगात आमच्या गावचाही अर्ज होता. तो मी दोनदा सगळ्यांत वर ठेवला आणि दोन्ही वेळा कोणी बघेल या भीतीनं परत होता तिथं सरकवला.

आमचं गाव नव्या जिल्ह्याच्या अगदी कडेला. बाजार मुखेडचा, दवाखाना नांदेडचा आणि कागद तेवढे लातूरचे. म्हणून बाचा दम वाढला तेव्हा भाऊ त्याला नांदेडला घेऊन गेला. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाच्या कामावर राखणदार होता, पत्र्याच्या एका खोलीत एकटा राहायचा. माय गावीच राहिली. घरातलं कोणीतरी टँकरच्या वेळेला हजर पाहिजे, नाहीतर तीन दिवस घागर कोरडी. माय रोजगार हमीच्या कामावरही जायची, गावाबाहेर पाझर तलावाची खोदाई चालू होती तिथं.

कचेरीत तार आली. तारेत तीनच शब्द होते: बा सीरियस, ये. पुढची गाडी पकडून दुपारी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पोचले. बा खाटेवर उशाला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास लागायचा. मला बघून म्हणाला, "आली का बाई? जेवलीस?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

मग भाऊ औषध आणायला बाहेर गेला आणि बानं माझा हात धरला. त्याचा हात गार होता, एवढ्या उन्हाळ्यात.

"मला गावाकडं न्या," तो म्हणाला. "हितं सोडू नका. मी कुठं हाय ते तुझ्या मायीला ठाव पायजे."

"बरं वाटंल बा, असं बोलू नये."

"अन् माझ्यापायी कोणाच्या दारी लाकूड मागू नका. आयकलं का? मागायचं न्हाई."

मी मान हलवली. नीट विचारून घ्यायला पाहिजे होतं, मग काय करायचं ते. पण मरणाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं, या संकोचात मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा पुढं सबंध दिवस मला त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बा गेला. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाणी द्यायला मी उठले होते. वळून बघितलं तर बाची मान एका बाजूला कलली होती.

नर्सबाईंनी येऊन नाडी बघितली, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कागद लवकर करून देते. ऊन चढायच्या आत हलवा."

भाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल झालेले, पण रडत नव्हता. म्हणाला, "हितंच करू. गोदावरीच्या काठाला. लाकडाची वखार हाय, नदीला पाणी हाय, आपल्या समाजाची मानसं हायीत. गावात काय हाय? पाणी न्हाई, लाकूड न्हाई."

"माय?"

"मायीला निरोप कधी जाईल अन् ती कधी येईल? वैशाख हाय. दुपारपर्यंत मयत..." पुढचं तो बोलला नाही.

त्याचं म्हणणं खरं होतं. माझ्या डोळ्यासमोर गाव येत होतं आणि त्यात खरोखर काहीच नव्हतं. पण बाचा गार हात मला अजून मनगटावर जाणवत होता.

"बा म्हणला गावाकडं न्या," मी म्हणाले.

"मरणारं मानूस काय बी म्हणतं."

"दादा, माय उद्या विचारंल, कुठं हाय म्हणून. नदीकडं बोट करशील का?"

भावानं चपला घातल्या आणि तो गाडी बघायला गेला.

दवाखान्याची गाडी एकच होती, ती एका अडलेल्या बाईला आणायला लांब गेली होती. एस.टी.त मयत घेत नाहीत, हे आम्हाला माहीतच होतं. जीपवाल्यांकडं भाऊ तीन ठिकाणी गेला. एकानं गाडी नादुरुस्त सांगितली, दुसरा म्हणाला लग्नसराई आहे, मयत नेलेल्या गाडीत मग नवरीला कोण बसवणार? तिसऱ्यानं गाव विचारलं, आमची वस्ती विचारली आणि मग डोकं हलवलं. नऊ वाजले. मी बाच्या खाटेशी बसून पदरानं माश्या हाकत होते आणि दर थोड्या वेळानं त्याच्या कपाळाला हात लावून बघत होते. काय बघत होते ते मलाच कळत नव्हतं.

शेवटी भाऊ रेल्वेच्या मालधक्क्याकडं गेला. तिथं त्या दिवसांत बाहेरून आगगाडीनं गवत यायचं, जनावरांच्या छावण्यांसाठी. ट्रक भरून ते तालुक्याला जायचं. एक ट्रक मुखेडच्या बाजूच्या छावणीला निघाला होता. ड्रायव्हर देगलूरचा, साठीला आलेला मुसलमान गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी. भावानं त्याला सगळं सांगितलं, जीपवाल्यांचंही. तो म्हणाला, "मय्यत कू ना नई बोलते भाई. आज तुमचे, उद्या आमचे."

ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी आला. ड्रायव्हरनं गवताच्या पेंढ्या मागच्या बाजूला सरकवून मधे माणूसभर जागा केली, वर ताडपत्री ताणली. मग खाली उतरून मलाच म्हणाला, "बाई, दोन बर्फाच्या लाद्या घ्या. भुस्सा लावून, पोत्यात गुंडाळून. दोन बाजूला ठेवायच्या. माझ्या वालिदला, बापाला, असंच आणलं होतं हैदराबादहून." मला ते सुचलंच नव्हतं. मी भावाला बर्फाच्या कारखान्याकडं पिटाळलं आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा मला वाटलं की हे कदाचित जमेल.

भाऊ म्हणाला, "मी एस.टी.नं पुढं जातो. मायीला सांगाया पायजे, काय करायचं ते बघाया पायजे. तू येशील ना नीट?"

येईन म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कंधारचा रस्ता तेव्हा खडी उखडलेला. मी ताडपत्रीखाली बाच्या डोक्याशी बसले होते, एक हात त्याच्या छातीवर. खड्ड्यात गाडी आपटली की त्याचं डोकं हलायचं आणि मी दोन्ही हातांनी धरायची. गवताचा कोंदट वास, ऊन, खालून इंजिनाची धग. पोत्यातून पाणी झिरपायला लागलं. मी मनाशी हिशोब करत होते: लाद्या किती वेळ टिकतील, गाव किती लांब, आता किती वाजले असतील. घड्याळ नव्हतं. ताडपत्रीच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा बाच्या पायावरून गुडघ्याकडं सरकत होता, त्यावरून अंदाज बांधायचा.

कंधारच्या पुढं एका वस्तीपाशी रेडिएटर तापला म्हणून ट्रक थांबला. ट्रकच्या मागून पाण्याची धार गळत होती, रस्त्यावर ओल पसरत होती. ती बघून दोन बाया कळशा घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं गवताखाली टाकी आहे.

"ओ बाई, थांबा ना! पानी वाया चाललंय की!" एकीनं कळशी धारेखाली धरलीसुद्धा.

मी ताडपत्री बाजूला केली. "मावशी, नका घेऊ. मयत हाय. बर्फाचं पानी हाय ते."

तिनं कळशी मागं घेतली. आत जेवढं पडलं होतं ते जमिनीवर ओतलं नाही, तशीच कळशी कडेवर धरून उभी राहिली. दुसरीनं हात जोडले आणि विचारलं, "कोन हाय तुमचं?"

"बाप."

"बाप," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. माझा बाप तिनं कधी बघितला नव्हता. त्या सबंध दिवसात मी तिथंच रडले.

ड्रायव्हरनं आधीच सांगितलं होतं की गवत छावणीतच उतरवावं लागेल, ते पुढं आमच्या गावाकडं नेलं तर जिल्ह्याच्या नाक्यावर अडवतील. दुष्काळात चारा जिल्ह्याबाहेर जाऊ देत नव्हते. तो कागद आमच्या कचेरीतूनही निघालेला मी पाहिला होता. तेव्हा तो फक्त कागद होता.

छावणीत शेकडो जनावरं. फासळ्या मोजता येतील अशी. ट्रक आत शिरताच हंबरडा उठला आणि दोरीला बांधली नव्हती ती ट्रककडं धावली. हमाल पेंढ्या खाली टाकायला लागले. जसजसं गवत कमी झालं तसतसा बा उघडा पडत गेला. ट्रकचं फळकं पाडलेलं होतं. एक पांढरी गाय आणि दोन बैल पुढं आले आणि बाच्या अंगाखालचं गवत ओढायला लागले. त्यांची तोंडं बाच्या पायापासून चार बोटांवर होती. मी हात हलवत होते, हुडूत हुडूत करत होते, पण त्यांना भूक एवढी होती की मी त्यांच्या गणतीतच नव्हते. एका बैलानं चादरीचं टोक गवताबरोबर तोंडात घेतलं. मी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि ओरडले. ड्रायव्हर धावत आला, बैलाच्या वेसणीला धरून त्याला मागं नेलं. मग स्वतः फळक्यापाशी पाठ करून उभा राहिला, उतरणं संपेपर्यंत.

"जनावर आहे बाई," तो मला म्हणाला, "त्याला काय कळतं मय्यत. माफ करा त्याला."

मी म्हणाले, "मी रागावले न्हाई." खरंच रागावले नव्हते. घाबरले होते.

गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बर्फ संपला होता, नुसती ओली पोती राहिली होती. वस्तीच्या तोंडाशी माणसं जमलेली. माय मधे उभी होती. ती ट्रकवर चढली, बाच्या तोंडावरची चादर बाजूला केली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणलंस. बरं केलंस."

पण भावाचा चेहरा उतरलेला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. लाकूड नव्हतं. गावातली होती नव्हती ती झाडं दोन वर्षांत जळणाला आणि चाऱ्याला गेली होती. चिता रचायला पुरेल एवढं लाकूड एकाच ठिकाणी होतं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या बांधावर, एक वठलेली बाभूळ.

आता इथं मला मागचं सांगावं लागेल. पूर्वी गावात कोणाच्याही घरी मयत झालं की पाहुण्यांच्या गावोगाव निरोप न्यायचं काम आमच्या लोकांचं होतं. चितेची लाकडं वाहायचं कामही आमचंच. आमचं स्वतःचं माणूस गेलं तर मात्र आम्हाला लाकूड मिळायचं नाही. आम्ही ओढ्याकाठी पुरायचो. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा बा विशीत होता. त्याच साली त्या मोठ्या घरातला म्हातारा वारला आणि बाला बोलावणं आलं. बा गेला नाही. "मौतीचा निरोप तुमचा तुम्ही न्या," असं त्यानं दारातूनच सांगितलं. त्यापायी वस्तीला कितीतरी महिने कोणी कामाला बोलावलं नाही. आणि तेव्हापासून वस्तीत ठरलं की आपलं माणूस आपण जाळायचं, आपल्या लाकडानं, आपल्या हातानं. पुरायची रीत सुटली ती अशी. म्हणून आमच्याकडं अग्नी देणं ही अभिमानाची गोष्ट होती.

आता त्या म्हाताऱ्याचा मुलगाच कर्ता होता. त्यानं दुपारीच निरोप धाडला होता: बाभूळ घेऊन जा म्हणावं. चार माणसं तोडायला पाठवा आणि घरी येऊन सांगून जा.

भाऊ म्हणाला, "देतो म्हणतोय ना? दोन शब्द बोलायचेत फक्त. मी जातो."

मी त्याला बाचं बोलणं सांगितलं. तो चिडला. "हे तू आता सांगून राहिलीस? नांदेडला का न्हाई बोललीस? तिथं वखार होती!"

त्याचं बरोबर होतं. मीच बाला इथवर आणलं होतं, उन्हातून, खड्ड्यांतून, जनावरांच्या तोंडातून. आणि आता दोन्हीकडून वाट बंद. बाला ओसरीवर ठेवलं होतं आणि माझं लक्ष सारखं तिकडं जात होतं. वास येतोय का? मला येत होता असं वाटायचं आणि मग वाटायचं नाही, तो पोत्यांचाच.

वस्तीत विधी करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. ते म्हणाले, "मागायला जाऊ नये हे मलाबी पटतं. पण धम्म घेतल्यापासून या वस्तीत एकाला पण पुरलेलं न्हाई. आज पुरलं तर गाव म्हणंल, आले पुन्हा जुन्या वाटंवर."

तेव्हा माय बोलली. ती बाच्या उशाशी बसली होती, उठली नाही.

"गुरुजी, पुरलं काय अन् जाळलं काय, बोलताना आपण मातीच म्हणतो न्हवं? फलान्याच्या मातीला गेलो म्हणतो. त्याच्या दारी जाऊन लाकूड आणलं तर हा उठून बसंल. लई हट्टी मानूस." आणि मग थांबून, "झाड ऱ्हाऊ द्या म्हणावं त्येंचं. आमाला नको."

गुरुजी म्हणाले, "धम्मात दोन्हीला मनाई न्हाई. मी विधी करतो."

"कुठं पण?" भाऊ म्हणाला. "ओढ्याकाठच्या जागेवर तलाव खोदून राहिले."

"आपल्या तुकड्यात," माय म्हणाली.

तो तुकडा म्हणजे गायरानातली दोन एकर जमीन. बानं दगड वेचून, बांध घालून ती केली होती, पण नावावर झालेली नव्हती. तलाठ्याच्या लेखी ते अतिक्रमण होतं. भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी कचेरीत होते म्हणून. "उद्या कोणी उकरून काढायला लावलं तर?"

मला कायदा माहीत नव्हता. मी कारकून होते, साहेब नव्हते. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "न्हाई लावणार कोणी."

अंघोळीला पाणी पाहिजे होतं. टँकर येऊन दोन दिवस झाले होते. आमच्या घरी अर्धी घागर होती. मग शेजारपाजारच्या बाया यायला लागल्या. कोणी तांब्याभर, कोणी लोटाभर आणून बादलीत ओतून जायची. एक म्हातारी रिकामा तांब्या घेऊनच आली. तिच्याकडं पाणी नव्हतं. ती बादलीपाशी उभी राहिली, तांब्या उताणा केला आणि म्हणाली, "माझं बी धरा." मायीनं तिचे पाय धरले. बादली अर्धी भरली. बाला त्यात अंघोळ घातली, कोरं पांढरं कापड नेसवलं. त्याच्या टाचांच्या भेगांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या, त्या मी एक एक काढल्या.

तेवढ्यात तलावाच्या कामावरची माणसं सुटून आली, खांद्यावर टिकाव, पहारी, फावडी. त्यांना वाटेतच कळलं होतं. कोणी काही बोललं नाही. तसेच ते आमच्या तुकड्याकडं वळले. वरची काळी माती हाताएवढ्या भेगांची, पण दोन हातांखाली मुरूम लागला आणि पहार वाजायला लागली. दिवसभर खणून आलेली माणसं पाळीपाळीनं आत उतरत होती. ड्रायव्हर अजून गेला नव्हता. त्यानं सदरा काढून ठेवला आणि पहार मागून घेतली. "दफन का काम मुझे मालूम है," तो म्हणाला. बाजू सरळ कशा राखायच्या, तळ कसा सपाट करायचा, हे त्यानंच दाखवलं. आमच्या तरण्या लोकांना ते माहीत नव्हतं. आमची ती विद्या गेली होती.

दिवस मावळतीला टेकला. मी बाच्या शेजारी बसून एकदा सूर्याकडं आणि एकदा खड्ड्याकडं बघत होते. अजून कंबरेएवढंच झालं होतं. मी दर थोड्या वेळानं उठून जायची आणि विचारायची, "झालं का?" शेवटी भाऊ आतून म्हणाला, "बस जरा. व्हईल." सकाळपासून तो पहिल्यांदा शांत बोलला होता.

छातीएवढं झाल्यावर बाला उतरवलं. गुरुजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. मेणबत्ती वाऱ्यानं सारखी विझत होती. गुरुजींनी ती ओंजळीत धरली. मायीनं पहिली मूठ टाकली. ड्रायव्हरनं तीन मुठी टाकल्या, ओठांत काहीतरी पुटपुटला आणि कोणाला न सांगता ट्रककडं निघाला. मी धावत गेले. पैशाचं विचारलं. तो म्हणाला, "वालिदसाहेब को घर पहुंचा दिया ना, बस." आणि गाडी चालू केली.

परतताना दिसलं, तो मोठा शेतकरी आमच्या बांधापलीकडं उभा होता. डोक्यावरचा रुमाल हातात. आत आला नाही आणि कोणाशी बोलला नाही. आम्ही जवळ आलो तसा वळून निघून गेला. तो कशासाठी आला होता हे मला आजही सांगता येणार नाही.

सातव्या दिवशी जलदानविधी झाला आणि मी लातूरला परतले. माझी खरी काळजी तिथं सुरू झाली. गायरानातल्या अतिक्रमणांचे कागद दुसऱ्या शाखेत यायचे. मी चहाच्या निमित्तानं तिथं जायची आणि गठ्ठ्यांवरच्या गावांची नावं वाचायची. एकदा आमच्या गावचं नाव दिसलं. पण ते प्रकरण शाळेच्या आवाराचं होतं. तलाठी एकदा आमच्या तुकड्यात येऊन गेल्याचं मायीनं सांगितलं. त्यानं विचारलं, हे काय? माय म्हणाली, "मालक हाय." तो तसाच गेला म्हणे. तक्रार कोणी केली नाही. त्या मोठ्या घरानंही नाही.

पाऊस झाल्यावर माती खचली. मायीनं निरोप धाडला, भाऊ रजा काढून गेला आणि दोघांनी पाट्या टाकून ती भरून घेतली. तेव्हापासून नांदेडच्या वखारीबद्दल भाऊ मला कधी बोलला नाही. जमीन नावावर व्हायला मात्र बारा-तेरा वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं मी त्या तुकड्याच्या फायलीची वाट चुकवत आणि वाट बघत, दोन्ही करत राहिले.

माय पुढं माझ्याकडं लातूरला आली. एक दिवस शेंगा सोलताना सहज म्हणाली, "मला मातर जाळा."

मला वाटलं तिला बाजवळ राहायचं असेल. तसं मी बोलूनही दाखवलं.

"नको," ती म्हणाली. "त्याची राखण मी केली. माझी राखण तू करत बसशील. तुला झोप येणार न्हाई. सगळं एका दिवसात मोकळं झालेलं बरं."

ती गेली तेव्हा लातूरच्या स्मशानात लाकूड होतं, नळाला पाणी होतं, दारात गाडी होती, भाऊ आदल्या दिवशीच येऊन पोचला होता. कशाचीच कमी नव्हती. तरी मी एकेकाला गाठून विचारत होते, पाणी आहे ना, लाकूड पुरेल ना. शेवटी भावानं मला बाकावर बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी बसून राहिला, सगळं आटपेपर्यंत.